कोर्लईतल्या होमस्टेचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार (का ते सांगते, जरा लांब आहे)

आधीच सांगते, होमस्टेचं नाव टाकत नाहीये. एक तर त्या आंटी स्वतःच म्हणाल्या की दोनच खोल्या आहेत, फार लोक यायला लागले तर आम्हालाच झेपणार नाय, आणि दुसरं म्हणजे खाली मी थोडी कुरकुर करणार आहे, ती वाचून कुणी त्यांना फोन करून पिडायला नको. गावात अशी सोय करणारी आणखीही घरं आहेत, चौकशी केली की कळतं.

तर जानेवारीचा तिसरा आठवडा, मी, नवरा आणि माझी आई. खरं जायचं होतं काशीदला, पण शनिवारचे रेट बघून नवऱ्याने फोन बाजूला ठेवला आणि दहा मिनिटांनी म्हणाला कोर्लईत राहू की, काशीद पुढे जवळच तर आहे. मी म्हटलं कोर्लईत कोण राहतं? ह्या रस्त्याने आम्ही मुरूडला निदान सातआठ वेळा गेलोय. अलिबाग, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, आणि तिथून मुरूडच्या दिशेने सुसाट. उजव्या हाताला एक डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो, त्यावर तटबंदी दिसते, गाडीत कुणीतरी म्हणतं तो बघा किल्ला, आणि तेवढ्यात मागे पडतो. पायथ्याशी गाव आहे हे माहीत होतं पण थांबलो कधीच नव्हतो. तुमच्यातले बरेचजण असेच पुढे गेले असणार, खरं सांगा.

डोंगर म्हणजे अगदी मगर पाण्यात तोंड घालून पडलीये तसा आहे. लांबट, अरुंद, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. मगरीच्या पाठीवर किल्ला. गाव मगरीच्या पोटाशी. कोळीवाडा आहे, होड्या लागलेल्या, मासळी वाळत घातलेली, आणि मग ख्रिश्चन लोकांची घरं आणि माउंट कार्मेलचं चर्च. होमस्टे ह्या ख्रिश्चन वस्तीत. कौलारू घर, पुढे पडवी, अंगणात दोन माड आणि एक चाफा, आणि नाताळचा कागदी तारा जानेवारीचा तिसरा आठवडा आला तरी तसाच लटकत होता. आंटींना विचारलं तर म्हणाल्या, पोरगा चढंल तवा निघंल.

आता खोली. फोनवर ‘सी व्ह्यू’ सांगितलं होतं आणि जो फोटो पाठवला होता तो किल्ल्यावरून काढलेला निघाला, म्हणजे सी व्ह्यू आहेच, फक्त त्यासाठी आधी डोंगर चढायचा. खिडकीतून शेजारच्यांचं न्हाणीघर दिसतं. खोली स्वच्छ होती, चादरी उन्हात वाळवल्याचा वास येत होता (हे फार कमी ठिकाणी मिळतं, हॉटेलात तर फिनेलचाच वास), पंखा चालतो, एसी नाही, जानेवारीत लागतही नाही. गादी मात्र कापसाची, जुनी, इतकी कडक की नवरा म्हणाला ही खालच्या फरशीपेक्षा बरी आहे का हे तपासून बघायला पाहिजे. बाथरूम घराच्या मागे, अंगण ओलांडून. गिझर नाही, बंबाचं पाणी बालदीत काढून देतात, आणि सकाळी सातच्या आत सांगितलं तरच. रात्री टॉर्च घेऊन जावं लागतं, ज्यांच्या सोबत म्हातारी माणसं आहेत त्यांनी ह्याचा विचार करून जा. माझ्या आईचे गुडघे बरे आहेत म्हणून निभावलं.

आणि पैशांचा घोळ. फोनवर आंटींच्या मुलाने तिघांचे जेवणखाणासकट २७०० सांगितले होते. तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी तोच म्हणतो ३२००, का तर शनिवार होता. अरे शनिवार आहे हे फोन केला तेव्हाही माहीत होतं ना. वाद घालत बसलो नाही, आंटी मधे पडल्या आणि ३००० वर मिटलं, पण तोंडाला चव राहत नाही अशाने. व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, एवढंच सांगेन.

इथवर वाचून वाटेल की मग साडेतीन स्टार तरी कशाला. जेवणासाठी आणि पडवीसाठी.

जेवण आधी सांगते. दुपारी पोचलो तेव्हा बोंबील फ्राय, चिंबोरीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी. बोंबील असे की बाहेरून कुरकुरीत आणि आत नुसतं लोणी, हॉटेलातले रव्यात गाडलेले बोंबील खाऊन खाऊन मी विसरलेच होते की आत मासा असतो. चिंबोऱ्या खाडीतल्या, छोट्या पण भरलेल्या. सोबत अलिबागचा पांढरा कांदा. हा कांदा गोडसर असतो, त्याला जीआय टॅग पण मिळालाय, रस्त्याला वेण्या करून टांगलेल्या असतात त्या ह्याच. घेताना जरा बघून घ्या, सगळेच पांढरे कांदे अलिबागचे नसतात. मी एक माळ आणली, आठवड्यात संपली.

आई शनिवारी मासे खात नाही. हे मी फोनवर सांगायला विसरले होते आणि ताटं वाढताना आठवलं. आंटींनी जराही तोंड वाकडं केलं नाही, दुपारी आमटी-भात आणि लोणच्यावर भागवलं आणि म्हणाल्या संध्याकाळी तुमाला वालाचं बिरडं करते, वाल भिजवून मोड आणलेलेच हायेत. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या भागात भात कापून झाला की जमिनीत जी ओल राहते त्या ओलीवरच वाल पेरतात, वेगळं पाणी द्यायला लागत नाही. कडवे वाल इथले फेमस. आणि बिरडं म्हणजे मोड आलेला एकेक वाल सोलायचा, जे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, मी लहानपणी ह्या कामावरून पळून जायचे.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हा एवढा लांब रिव्ह्यू लिहितेय.

कोर्लईतले हे ख्रिश्चन लोक घरात एक भाषा बोलतात जी जगात दुसरीकडे कुठेच बोलत नाहीत. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल पोर्तुगीज म्हणतात (क्रिओल म्हणजे दोन भाषा मिसळून तयार झालेली भाषा), क्रिस्टी पण म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारे साधारण हजारभर. पोर्तुगीजांनी पलीकडे रेवदंड्याला कोट बांधला तो १५२१ च्या सुमारास, मग १५९४ ला निजामशाहीकडून हा कोर्लईचा डोंगर घेतला, आणि १७४० मध्ये सगळं मराठ्यांकडे आलं. अधिकारी, सरदार, पैसेवाले निघून गेले. जे इथलेच होते, शेती आणि मजुरी करणारे, ते राहिले, आणि दोनशे वर्षांत सैनिक, नोकरचाकर आणि इथल्या बायका यांच्यात जी मिसळलेली भाषा तयार झाली होती ती त्यांच्याकडेच राहिली. राजे गेले आणि भाषा मोलकरणीकडे राहिली, असं म्हणा हवं तर. मधे खाडी होती, पूल नव्हता, बाजाराला रेवदंड्याला होडीने जायचं, त्यामुळे बाकी गावांशी फार मिसळणं नव्हतं, धर्म वेगळा म्हणून लग्नंही आपापसात. टिकली ती अशी.

हे सगळं मी निघायच्या आदल्या रात्री वाचलं होतं आणि पोचल्या पोचल्या मी अगदी टुरिस्टासारखी वागले. जेवून हात धुतले आणि आंटींना म्हटलं, आंटी ती तुमची भाषा बोलून दाखवा ना जरा. वर फोन काढून रेकॉर्डिंग पण चालू करायला लागले.

आंटी भांडी गोळा करत होत्या. थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमी मराठी बोलून दाखवा बघू.”

मी म्हटलं म्हणजे?

“बोला की. मराठी बोलून दाखवा.”

मला काहीच सुचेना. तुम्ही पण करून बघा, कुणी असं समोर उभं राहून मराठी बोलून दाखव म्हटलं की काय बोलणार? माझ्या तोंडून फक्त “अं... म्हणजे... काय बोलू?” एवढंच निघालं. आंटी म्हणाल्या, “हां, झालं ना तसंच,” आणि भांडी घेऊन आत. रागावल्या नव्हत्या, पण मी अशी काही कानकोंडी झाले की फोन पर्समध्ये गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. नवरा हसत होता.

मग आम्ही दोघं दीपस्तंभाकडे गेलो, आई म्हणाली मी पडते जरा. परत आलो तर आई पडली नव्हती. पडवीत फतकल मारून आंटींच्या समोर बसली होती, मधे परात, परातीत वाल, आणि दोघी सोलतायत. आंटींची जाऊ आली होती, ती पण सोलतेय, शेजारची एक मुलगी दप्तर घेऊन तिथेच गृहपाठ करतेय. आणि आंटी जावेशी बोलतायत ते नोलिंगमध्ये, मधेच आईकडे वळून मराठीत, मग मुलीला दटावायचं ते परत नोलिंगमध्ये, मग आईला विचारायचं की तुमच्याकडे बिरड्यात गूळ घालतात का. आईला काय, तिला भाषेचं काही पडलेलं नव्हतं, ती सुनांचा विषय काढून बसली होती. तास-दीड तास आम्ही पायरीवर बसून नुसतं ऐकलं. मी पण शेवटी मूठभर वाल घेतले, लहानपणचा सूड पूर्ण झाला म्हणायचा.

कळत काही नव्हतं. पण गंमत अशी की अनोळखी वाटत नव्हतं. गोव्यात कुणी पोर्तुगीज बोललं तर ते लांबचं वाटतं, हे तसं नाही, ह्याची चाल आपल्या ओळखीची आहे. मग आठवलं, वाचलं होतं की शब्द बहुतेक पोर्तुगीज पण वाक्याची मांडणी मराठीसारखी झालीये, क्रियापद शेवटी जातं, जे मूळ पोर्तुगीजमध्ये तसं नसतं. म्हणजे शेकडो वर्षं मराठीच्या शेजारी राहून तिने चालायची ढब मराठीची उचलली.

आणि उलटं पण आहेच की. आपण समोर ठेवलेल्या त्या परातीला परात म्हणतो तो शब्द त्यांच्याकडून आलाय. बालदी, चावी, घमेलं, बिजागरी, फीत, लिलाव, पगार, पाव, बटाटा, काजू, तुरुंग. आंटींच्या दारावरच्या ताऱ्याचा नाताळ पण. हापूस तर आहेच, आफोन्सोचा हापूस केला आपण आणि आता कोकणाबाहेरच्यांना शिकवतो की खरा उच्चार कसा. मी हे सगळं आईला सांगितलं, तर ती म्हणाली असेल बाई, हात चालव.

आंटींकडून जे कळलं ते सगळं त्या वालांच्या निमित्ताने, एकही प्रश्न न विचारता. चर्चमधली प्रार्थना मराठीत होते. शाळा मराठीत. ती दप्तरवाली मुलगी घराबाहेर पडली की सगळं मराठी, मोबाईलवर हिंदी, घरी आली की नोलिंग. जावेची दोन मुलं मुंबईला, तिकडे त्यांच्या बायका ही भाषा बोलत नाहीत, मग नातवंडांना समजतं पण उत्तर मराठीत देतात. हे जावेने हसत सांगितलं, मधे एक वाल तिच्या बोटातून निसटून माझ्या पायाशी आला. कोचीनला अशीच एक पोर्तुगीज मिश्र भाषा होती, ती बोलणारा शेवटचा माणूस २०१० मध्ये गेला असं मी वाचलं होतं, ते तिथे बोलले नाही. बोलायची जागा पण नव्हती ती.

बिरडं कसं होतं? आईच्या शब्दांत, “आपल्यापेक्षा पातळ, पण वाल चांगले.” माझ्या आईकडून ही म्हणजे डिस्टिंक्शन. मी सुरमई सोडून तेच दोनदा घेतलं.

किल्ल्याचं थोडक्यात सांगते कारण त्याच्यावर खूप लिहिलेलं मिळतं. आम्ही रविवारी सकाळी सातला चढलो. दीपस्तंभापर्यंत गाडी जाते, रस्ता डोंगराच्या कडेने, समुद्र खाली, अरुंद आहे, समोरून गाडी आली तर एकाला मागे जावं लागतं आणि ते मागे जाणं माझ्या नवऱ्याच्या नशिबात दोनदा आलं. दीपस्तंभापासून पायऱ्या आहेत, निवांत चढलं तर वीसेक मिनिटं. वर एकामागे एक दरवाजे, छप्पर उडालेलं चर्च, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले दगड, तोफा, पाण्याचं टाकं आणि जवळच महादेवाचं छोटं देऊळ. अरुंद इतका की मधे उभं राहिलं तर डावीकडे समुद्र आणि उजवीकडे खाडी, मान फिरवली की झालं. पलीकडे रेवदंड्याच्या कोटाची भिंत माडांमधून दिसते, खाडीत साळावच्या जेट्टीकडचे बार्ज दिसतात, आणि खाली आपण राहतो ते कौल. तिथून तो होमस्टेचा ‘सी व्ह्यू’ फोटो काढलेली नेमकी जागा मी शोधून काढली, आंटींच्या मुलाला दाखवायला तसाच फोटो मी पण काढला. पाणी सोबत न्या, वर काही मिळत नाही, आणि खरं तर काही मिळू पण नये. दहाच्या पुढे ऊन लागतं.

पोपटी खायची राहिली. सीझन होता, शेतात वालाच्या शेंगा होत्या, रात्री लांब कुठेतरी जाळ दिसत होता. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, ओवा-मीठ, वरून परत पाला, मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. पण ती आदल्या दिवशी सांगावी लागते आणि आम्ही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ह्यात त्यांची चूक नाही, स्टार कापलेला नाही.

कोणी जावं? ज्यांना एसी, स्विमिंग पूल, रात्री अकराला चहा हवा त्यांनी मुकाट्याने काशीद-नागावच्या रिसॉर्टला जावं, इथे साडेआठला जेवण म्हणजे साडेआठला, दहाला गाव झोपतं. आमच्या शेजारच्या खोलीत पुण्याची चार मुलं होती, त्यांनी साडेदहाला स्पीकर लावला आणि आंटींनी येऊन फक्त पडवीतला दिवा मालवला, बोलल्या काही नाहीत, पाच मिनिटांत स्पीकर बंद. मोबाईलला रेंज खोलीत नाही, अंगणात चाफ्याखाली मिळते. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो ने (गाड्या नेणारी बोट) गाडी घालून आलात तर वडखळचं ट्रॅफिक वाचतं. एसटीने यायचं तर अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडला जाणारी कुठलीही गाडी, कोर्लईला उतरायचं. १६ जुलैला माउंट कार्मेलचा सण असतो, तेव्हा बाहेर गेलेली माणसं गावात येतात, आंटी म्हणाल्या तेव्हा खोली मागू नका, घरचेच वीस जण जमिनीवर झोपतात.

आणि फोन काढून “बोलून दाखवा” म्हणू नका. मी म्हणून झालंय, उत्तर ठरलेलं आहे. वाल सोलायला मात्र बसू देतात.

निघताना आंटींनी आईला दोन किलो कडवे वाल बांधून दिले, बिलात धरलेले नव्हते, आईने पैसे पुढे केले तर म्हणाल्या तुमी सोलले ना, मजुरी समजा. आता आईकडे त्यांचा नंबर आहे आणि दर आठवड्याला फोन असतो, सुनांचा विषय अजून संपलेला नाही.

स्टारचा हिशोब: अर्धा दर बदलल्याबद्दल कापला, अर्धा त्या सी व्ह्यूबद्दल, अर्धा गादीबद्दल. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणते गादीचा अर्धा परत दे, तिला कडकच लागते.